शिरीनबाईंचं गाव शोधताना: बुशेहर ते यझद, बसने

इराणला जायची संधी मला मिळाली ती तलासरीच्या एसटीमुळे. नातीने हा ब्लॉग उघडून दिला तेव्हापासून वाचकांचा एकच धोशा आहे, आजी, त्या इराणच्या बसप्रवासाचं लिहा. लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, त्या प्रवासात मी जितकी जळले तितकी आयुष्यात पुन्हा कधी जळले नाही. ते वगळून नुसते डोंगर आणि डाळिंबं सांगा म्हणाल तर मला जमणार नाही.

दमण पोर्तुगीजांकडून मोकळं झालं त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी वीस वर्षांची होते. घर धाकटी डहाणूला, खाडीच्या तोंडाशी. बाबा बोट घेऊन समुद्रावर जायचे. आई शिरीनबाईंच्या वाडीवर मासळी द्यायला जायची. मी अकरा वर्षांची असताना ती गेली आणि बाईंनी मला घरकामाला ठेवून घेतलं. बाई इराणी, झरतोश्ती म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. डहाणूला त्यांची मोठी चिकूची वाडी. घरकाम हे म्हणायचं एवढंच. बाईंनी मला सातवीपर्यंत शाळेत धाडलं, स्वतः गुजराती वाचायला शिकवलं आणि दीकरी म्हणून हाक मारली. दीकरी म्हणजे लेक. नऊ वर्षं तो शब्द मी खराच धरून चालले होते.

बाई मूळच्या यझदकडच्या एका खेड्यातल्या. नऊ वर्षांच्या असताना काकाबरोबर हिंदुस्थानात आल्या त्या इकडच्याच झाल्या. धाकटी बहीण खोर्शेद, तेव्हा सहा वर्षांची, मागे राहिली. तिची पत्रं यझदच्या बाजारातल्या एका दुकानामार्फत यायची, ती चार वर्षांपासून बंद झाली होती. एका सकाळी बाई म्हणाल्या, "मी जाऊन बघणार. गुडघे चालतात तोपर्यंत." सोबतीला एकच मुलगी न्यायची होती. आम्ही होतो दोघी, मी आणि गंजाडची रतन. रतन चिकू उतरवायच्या कामाला आली आणि वर्षभरात बाईंचे केस विंचरायला लागली. तिचा हात हलका आहे असं बाई चारचौघांत सांगायच्या. माझा काय दगडाचा होता?

तिकडे चार-पाच दिवस घाटाघाटातून बसमध्ये बसायचं आहे, गाडी लागणारी मुलगी नको, असं बाईंना कुणीतरी सांगितलं होतं. मग बाईंनी परीक्षा घेतली. आम्हा दोघींना घेऊन त्या डहाणू-तलासरी एसटीत बसल्या, आम्ही मागच्या चाकावरच्या सीटवर, त्या पुढे. जाताना दोघीही ठणठणीत होतो. तलासरीला परतीच्या गाडीला अवकाश होता, तेव्हा मी रतनला नाक्यावरच्या हॉटेलात नेलं आणि माझ्या पैशांनी दोन प्लेट भजी खाऊ घातली, वर गोड चहा. येताना गंजाडच्या अलीकडेच ती म्हणाली, "हिरे, माज्या पोटात कसं तरी होतंय गं." मी तिचं डोकं धरून खिडकीबाहेर केलं, पाठीवरून हात फिरवला. बाई मागे वळून बघत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "हिरा किती मायेची आहे." त्या दिवशी माझं जाणं ठरलं.

पासपोर्टच्या खेपांत सहा महिने गेले. होळी चार दिवसांवर आली असताना आम्ही मुंबईहून आगबोटीत चढलो. आमच्याकडे होळी टाकून कुणी गाव सोडत नाही. मी सोडलं आणि बाबांनी दोन दिवस अबोला धरला. तिकीट डेकचं. सामानात दोन पत्र्याच्या ट्रंका, वळकटी आणि खोर्शेदसाठी करंडीभर कडक चिकू, कारण तिने जन्मात चिकू पाहिला नव्हता.

ते नऊ दिवस माझे होते. कराची सुटली तशा बाई आडव्या झाल्या त्या झाल्याच. बोट हलली की मला उलट भूक लागायची. मी त्यांना पेज पाजायची, डोकं मांडीवर घ्यायची, गरम मिठाच्या पुरचुंडीने त्यांचे गुडघे शेकायची. "तू नसती तर मी मेली असती," त्या म्हणायच्या, आणि मला समुद्र संपूच नये असं वाटायचं. चौथ्या दिवशी चिकू मऊ पडायला लागले. बाई रडकुंडीला आल्या. मी सुरी घेऊन साली काढल्या, बिया काढल्या, फोडी सुतळीत ओवल्या आणि आम्ही मासळी वाऱ्यावर टांगतो तशा कठड्याला टांगल्या. खलाशी हसले. पण समुद्राच्या वाऱ्याने फोडी झकास वाळल्या, किंचित खारट झाल्या एवढंच. त्या फोडींनी एक डबा भरला.

बुशेहरला आगबोट किनाऱ्यापासून लांब उभी राहते, होडीने उतरावं लागतं. मी उडी मारून होडीत गेले, बाईंना दोघा खलाशांनी उचलून दिलं. किनाऱ्यावर पाय टेकला मात्र, बाई हमालाशी फारसीत भांडायला लागल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. डहाणूला त्या हळू, शोधून शोधून बोलायच्या. इथे शब्द भराभरा येत होते. हमाल हसला, बाई हसल्या, बाजूच्या दोन बायाही हसल्या. मी ट्रंकेवर बसून होते. काय विनोद झाला म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "तुला नाय समजणार."

बुशेहर ते शिराझ आता चांगला रस्ता झाला आहे, डोंगरातून बोगदे काढलेत असं ऐकते. आमच्या वेळी पूर्ण दोन दिवस लागायचे. भाव मला फारसे विचारू नका, पैसे बाईंच्या कमरेच्या पिशवीत असत. दोघींचं मिळून पंचवीसेक तोमान तिकीट पडलं एवढं आठवतं. बस नाकाड्या तोंडाची, निळी, टपावर सामानाचा डोंगर आणि त्यावर पाय बांधलेली दोन मेंढरं. सुटताना सगळ्या उतारूंनी एका सुरात देवाचं नाव घेतलं. मी मनातल्या मनात महालक्ष्मीचं घेतलं. पहिले काही तास नुसती खजुरीची झाडं आणि धूळ. बोराझजानला खजूर घ्या, जिभेवर विरघळतो. जेवणाला पातळ भाकरीएवढी नाहीतर उशीएवढी रोटी, दही, मटणाचा रस्सा. चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दातांत धरायचा आणि वरून चहा ओढायचा. मला दोन दिवसांत जमलं. बाईंना पहिल्याच घोटाला जमलं. डहाणूला आयुष्यभर दुधाचा चहा पिणारी बाई! मला ते मुळीच आवडलं नाही.

मग घाट. तिथे घाटाला कोतल म्हणतात. एकामागून एक असे चार. चढणीवर ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवतो, क्लीनर लाकडाचा ठोकळा घेऊन चाकामागे धावतो, आणि आपण बसच्या मागून धूर खात चालतो. काझेरूनच्या पुढच्या घाटाचं नाव पोरीचा घाट आणि त्याच्या पुढचा म्हातारीचा घाट. खरीच नावं आहेत. बाईंनी मला अर्थ सांगितला आणि म्हणाल्या, "पहिला तुझा, दुसरा माझा." पोरीच्या घाटात मी बाईंना हाताला धरून चढवलं, तेव्हा मी खुशीत होते. म्हातारीच्या घाटात थंडी वाढली आणि वळणावर कडेला बर्फ दिसला. पन्नासहून जास्त वर्षांनी बाईंनी बर्फ पाहिला. त्या माझा हात सोडून तिकडे गेल्या, मूठभर उचलून तोंडात घातला, डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. बर्फाचा कुणी हेवा करतं का? मी केला. बसमध्ये बसल्यावर त्यांचे ओले हात मी पदराने जरा जोरातच पुसले.

शिराझला आम्ही दोन दिवस एका मुसाफिरखान्यात काढले. बाग बघा, बाजार बघा, नारिंगाच्या फुलांचा वास घ्या, सगळं घ्या. मला आठवतं ते एवढंच, की बाई तिथे मला म्हणाल्या, "हिरा, खोर्शेद भेटली आणि राहा म्हणाली, तर मी राहीन बहुतेक." ट्रंकेला कुलूप लावता लावता म्हणाल्या, उद्या पाव आणायचा आहे असं सांगावं तसं.

"आणि मी?"

"तुला कोणीतरी मुंबईला जाणारा बघून देऊ बरोबर. वाडी आहे, घर आहे. तुझं लगीन पण करायला पाहिजे आता."

तिथून पुढे माझ्या प्रवासाला वेगळंच कारण मिळालं. ते गाव सापडू नये, एवढंच मला हवं होतं.

शिराझ ते यझद बस अबरकूहवरून गेली. खडीचा रस्ता, वाळवंट. खिडक्या बंद ठेवल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर दातांखाली वाळू. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी हा टप्पा विमानाने करावा. त्यांचं नवं वर्ष तोंडावर आलं होतं, म्हणून गाडी खच्चून भरलेली. अबरकूहला गोहर नावाची बाई चढली, पन्नाशीची, बाईंच्याच धर्माची. बाई तोंडातल्या तोंडात प्रार्थना म्हणत होत्या ती तिने ऐकली आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी विचारलं. ती फारसीही नव्हती, यझदकडच्या झरतोश्ती घरांत बोलतात ती वेगळीच बोली. बाईंनी ती नवरा वारल्यापासून बोललेली नव्हती. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. गोहरने मला हाताने खूण केली, जरा ऊठ. मी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "ऊठ ना दीकरी, तिला बसू दे."

उठले. पुढचे सहा तास मी मागच्या बाकावर दोन कोंबड्या घेतलेल्या म्हातारीजवळ बसून त्या दोघींचे डोक्याचे रुमाल बघत होते. गोहर डाळिंब सोलून दाणे बाईंच्या तळहातावर ठेवत होती. बाईंनी माझा चिकूचा डबा उघडून तिला फोडी दिल्या, मग पुढच्यांना, मग ड्रायव्हरला. सगळे वाहवा करत होते. कुणी वाळवल्यात ते कुणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलंही नाही.

यझदला गोहरने आम्हाला आपल्याच घरी उतरवून घेतलं. मातीचं घर, वर वाऱ्याची उंच धुराडी. वरची हवा त्यातून खोलीत उतरते. माणसं फार अगत्याची, हे मी रागात असूनही कबूल करते. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर पत्रांचं ते दुकान कधीच बंद पडलेलं. बाईंना गावाचं नाव ठाऊक होतं, हसनाबाद. गोहरचा नवरा म्हणाला, कुठलं हसनाबाद? या भागात तीन आहेत, आणि किती गावांची नावं तर बदलूनही गेली.

"काही खूण?" त्याने विचारलं.

बाई म्हणाल्या, "आमच्या दारात उभं राहिलं की समोर बर्फाचा डोंगर. त्याला दोन शिंगं आहेत. आणि त्या शिंगांच्या बरोबर मध्ये, अलीकडे, दख्म्याची टेकडी." दख्मा म्हणजे त्यांच्या मृतांना ठेवतात तो गोल बुरूज. तो माणूस हसला. डोंगर तर सगळ्या मुलखातून दिसतो, म्हणाला, ही कसली खूण?

मी मात्र हसले नाही. बाईंनी ते मला मराठीत सांगितलं तेव्हाच मला कळलं की ही खूण पक्की आहे. समुद्रावर रस्ते नसतात, पाट्या नसतात. बाबा मासळीची जागा शोधायचे ती अशीच. लांब महालक्ष्मीचा सुळका आणि अलीकडे किनाऱ्यावरचा एक उंच ताड. दोन्ही एका रेषेत आले की आपण त्या रेषेवर आहोत. जरा इकडेतिकडे सरकलं की ताड सुळक्यावरून ढळतो. लहानपणी बाबांच्या बोटीत बसून मी हेच शिकले होते. त्यांचं आणखी एक सांगणं होतं: "आपली जागा दुसऱ्या बोटवाल्याला दावायची नाय. मरंपर्यंत नाय."

पहिल्या हसनाबादला बस अर्ध्या दिवसात पोचली. डोंगराची शिंगं तिथून एकावर एक येऊन एकच दिसत होती. मला उतरायच्या आधीच कळलं की हे नव्हे. तरी बाई दारोदार हिंडल्या. खोर्शेद नावाची कुणी नाही. मला इतकं बरं वाटलं की मी तिथे दोन रोट्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी दुसरं हसनाबाद. तिथेही तेच. तिसरं वाळवंटात आत होतं, पाणी आटलं म्हणून लोक उठून गेले होते असं सांगितलं.

दुसऱ्या हसनाबादहून यझदला परत येताना मी डोंगराच्या बाजूच्या खिडकीशी होते. बाई थकून डोळ्यांवर रुमाल घेऊन बसल्या होत्या. सकाळी जाताना डोंगर धुळीत झाकलेला होता, आता ऊन स्वच्छ होतं. दख्म्याची टेकडी डोंगरासमोरून हळूहळू सरकत होती, डाव्या शिंगापाशी आली, ते ओलांडलं, आणि एका वळणावर दोन शिंगांच्या खाचेत नेमकी बसली. मी मान फिरवून दुसऱ्या बाजूला बघितलं. डांबरीवरून एक कच्ची वाट फुटत होती, कडेने तुतीची झाडं आणि पाण्याचा पाट, आणि वाटेच्या टोकाला, अर्ध्या कोसावर, मातीची घरं. बस तिथे थांबत नव्हती. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी ओठ मिटून घेतले. टेकडी खाचेतून सरकली, उजव्या शिंगाच्या पलीकडे गेली. बाईंनी रुमाल काढून विचारलं, "किती राहिलं यझद?"

"आलंच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो असताना बाई गोहरला म्हणाल्या की आता पुरे. परतीची गाडी बघा, आम्ही जातो. मला मराठीत सांगितलं, "चल दीकरी, आपण घरी जाऊ." आपण. घरी. एवढंच तर ऐकायचं होतं मला. मी ट्रंक भरायला उठलेही. तेवढ्यात बाईंनी चिकूचा डबा काढला, तळाशी उरलेल्या फोडी गोहरच्या ताटलीत ओतल्या आणि डबा उलटा करून थापटला. फोडी खोर्शेदसाठी राखलेल्या होत्या, वाटेत कितीही वाटले तरी तेवढ्यांना त्यांनी हात लावला नव्हता. मग रिकामा डबा मांडीवर घेऊन त्याचं झाकण लावायला लागल्या. ते लागत नव्हतं.

मला ते बघवेना. मी म्हटलं, "बाई, मी गाव बघितलंय."

"काय?"

"काल. बसमधून. डोंगराची शिंगं न् मधी टेकडी. खाली वाट जाते, झाडांची."

बाईंनी डबा खाली ठेवला. "तू पाहिला, अन् बोलली नाय?"

"तुमी तिकडंच रवाल म्हनून."

मला वाटलं मारतील. त्यांनी मारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या उठल्या, रुमाल डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, "चल, दाखव."

बसवाल्याला विनवून त्या वळणावर उतरलो. तुतीच्या झाडांखालून पाटाच्या कडेने चाललो. गावाचं नाव आता दुसरंच होतं, हसनाबाद म्हटलं की म्हाताऱ्यांनाच कळत होतं. मी पुढे, दर पन्नास पावलांवर वळून डोंगर बघत होते; बाई मागे. एका निळ्या दारापाशी टेकडी खाचेत अगदी मधोमध बसली. बाई दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या, डोंगराकडे बघितलं, मग वळून कडी वाजवली.

दार उघडलं ती बाईंसारखीच दिसणारी, पण वाळून बारीक झालेली म्हातारी. त्या दोघी कशा भेटल्या ते मी सांगणार नाही, कारण मी बघितलंच नाही. मी पाटाकडे तोंड करून उभी होते. बऱ्याच वेळाने खोर्शेदबानूचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने काहीतरी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, आणि खोर्शेदबानूचा चेहरा उतरला. काय सांगितलंत, मी नंतर विचारलं. "सांगितलं, ही माझी दीकरी," बाई म्हणाल्या. पत्रं का बंद झाली तेही कळलं. दुकानदार वारला, आणि खोर्शेदबानूला लिहिता येत नव्हतं.

तिथे आम्ही आठ दिवस राहिलो. नव्या वर्षाचे दिवस, घरोघरी पाहुणचार, सुका मेवा, अंडी, डाळिंबाचं सरबत. आणि घरात माझं आणि खोर्शेदबानूचं युद्ध. पहिल्या दिवशी मी बाईंचे गुडघे मिठाने शेकले. ती शेजारी बसून बारकाईने बघत होती. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तिने मीठ तापवून शेकायला सुरुवात केली होती. मग मी दुसरा गुडघा धरला. बाईंचा चहा मी करायला गेले की साखरेचं भांडं तिच्याकडे असायचं. मी केसांना तेल लावलं की ती फणी घेऊन यायची. बाई मध्ये बसून हसत होत्या. "दोन बायका अन् एक म्हातारी," म्हणायच्या, "मला विचारा तरी." पण त्यांना कुणी विचारत नव्हतं.

सातव्या दिवशी खोर्शेदबानू पाटावर भांडी घासताना माझ्याजवळ आली आणि बोटं दाखवून बोलायला लागली. आधी स्वतःकडे बोट, मग सहा बोटं. मग माझ्याकडे बोट आणि नऊ बोटं. मी बाईंना हाक मारली, काय म्हणते विचारलं. बाईंनी खाली बघत सांगितलं, "म्हणते, माझ्याकडे सहा वर्षं होती. तुझ्याकडे नऊ झाली. आता माझी पाळी."

हिशेब चुकीचा म्हणायला जागा नव्हती. त्या बाईचा मला सात दिवस संताप येत होता. त्या क्षणी कळलं की तिलाही माझा तितकाच येत होता, आणि तोही पहिल्या दिवसापासून. तेव्हापासून तिचा राग करणं जरा अवघड झालं. तरी केला.

गोहरचे कुणी नातेवाईक मुंबईला निघाले होते, त्यांच्याबरोबर माझी सोय झाली. बाई वळणापर्यंत आल्या. बस थांबवताना म्हणाल्या, "पुढच्या चिकूच्या मोसमाला येते मी. वाडीवर लक्ष ठेव." मी होय म्हटलं. आम्ही दोघीही तेव्हा ते खरं धरून चाललो होतो. परतीचे घाट कसे होते विचाराल तर आठवत नाहीत. आगबोटीत मला पहिल्यांदा आणि शेवटचं समुद्र लागला.

डहाणूला स्टेशनवर बाबा आणि रतन आले होते. रतनने आधी माझ्या मागे बघितलं, मग विचारलं, "बाई कुठंत?" मी सांगितलं. ती तिथेच फलाटावर बसून हुंदके द्यायला लागली. मला तिचीही चीड आली. तिचं काय गेलं होतं एवढं रडण्यासारखं? ज्या बाईंनी तिला एका वर्षात दोनदा नवं लुगडं दिलं, त्यांच्यासाठी रडायचा तिलाही हक्क आहे हे मला पटायला पुष्कळ वर्षं लागली. भज्यांचं मी तिला तिच्या मुलीच्या लग्नात सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच कळलं व्हतं. फुकटची व्हती, म्हनून खाल्ली."

बाई पुढच्या मोसमाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. वाडी त्यांच्या नवऱ्याच्या पुतण्याने बघायला घेतली. माझं लग्न झालं, मी डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसू लागले. बाईंची पत्रं यायची, गुजरातीत, वर्षातून दोन. गुडघे, बर्फ, पाटाचं पाणी. लोक विचारतात, त्या दिवशी तू बोललीस ते बरं केलंस ना? बरंच केलं. बहिणी भेटल्या. पण मासळी विकताना कधी कधी मला वाटायचं, बाबांचं ऐकायला हवं होतं.

पाचव्या वर्षी जे पत्र आलं त्यावरचं अक्षर बाईंचं नव्हतं. खोर्शेदबानूने यझदला गुजराती येणाऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. बाई गेल्या, थंडीत, पाच दिवसांच्या तापाने. पुढे लिहिलं होतं: "ते पाच दिवस ती आमच्याशी बोलली नाही. बोलत होती, सारखी बोलत होती, पण तुमच्या तिकडच्या भाषेत. इथे कुणाला एक अक्षर कळलं नाही. हात मी धरला होता आणि बोलत ती तुझ्याशी होती. मला तुझा फार राग आला. ती काय म्हणाली असेल, ते तुला ठाऊक असेल तर कळव."

हे वाचून मला रडू आलं, पण ते नंतर. आधी काय झालं तेही लिहिते, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. आधी मला आनंद झाला. बाजारात मासळीच्या पाट्यांमध्ये बसून मी ते पत्र वाचलं आणि जिंकल्यासारखी हसले. शेजारणीने विचारलं, काय गं, चांगली बातमी? मी पत्र घडी करून कमरेला खोचलं.

उत्तर मी लिहिलं नाही. दोनदा कागद घेतला होता. बाई काय बोलल्या असतील ते मला काय ठाऊक असणार? मी समुद्रापलीकडे होते. पण तसं खरं लिहिलं असतं, तर खोर्शेदबानू आणि मी सारख्याच झालो असतो, दोघींनाही काही न कळलेलं. तिला वाटत राहू दे, मला ठाऊक आहे.